पावतीपुस्तक छापण्याआधी

प्रश्न : पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातून हे पत्र आले आहे. पत्रलेखक छत्तीस वर्षांचे असून एकेकाळी गावच्या कबड्डी संघाचे चढाईपटू होते आणि गेली सहा वर्षे त्याच मंडळाचे खजिनदार आहेत. ओळख पटेल असे तपशील वगळून त्यांची अडचण थोडक्यात देत आहे.

मंडळात ४२ मुले आणि २६ मुली रोज संध्याकाळी सराव करतात. त्याचा महिन्याचा खर्च, प्रशिक्षकांचे १२ हजार रुपये मानधन, वीज आणि बाहेरगावच्या सामन्यांचा प्रवास धरून, साधारण २० हजार रुपये येतो. आजवर तो गावातल्या द्राक्षबागायतदारांच्या देणग्यांतून आणि वार्षिक स्पर्धेला जाहिरात देणाऱ्या व्यापाऱ्यांकडून भागत असे. लागोपाठ दोन हंगाम अवकाळी पावसाने बागांचे नुकसान झाले, औषध दुकानांची उधारी थकली, बाजारपेठ थंडावली आणि देणाऱ्यांनी हात आखडला. मागच्या स्पर्धेला ३ लाख ९० हजार खर्च झाला आणि जमले १ लाख ७५ हजार. आज मंडळाचे देणे ४ लाख ६० हजार रुपये आहे : मॅटच्या विक्रेत्याचे १ लाख ८५ हजार, प्रशिक्षकांचे पाच महिन्यांचे मानधन ६० हजार, स्पर्धेचा मंडप, दिवे आणि गॅलरी यांचे १ लाख ४० हजार, आणि जाहीर करूनही न दिलेली बक्षिसे ७५ हजार.

कार्यकारिणीचा विचार असा की, गावातल्या प्रत्येक घरातून १ हजार रुपये ‘बचाव निधी’ घ्यावा, देणाऱ्यांची नावे चौकात फ्लेक्सवर लावावीत आणि न देणाऱ्यांची गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावीत. शिवाय चाहत्यांकडून दहा-दहा हजारांच्या ठेवी व्याजाने घ्याव्यात आणि तूर्त मुलींचा वर्ग बंद ठेवावा. एक स्थानिक पुढारी सगळे देणे फेडायला तयार आहेत, मात्र मंडळाच्या नावाआधी त्यांचे नाव लागले पाहिजे. अध्यक्ष हे पत्रलेखकाचे चुलते असून, हिशेब लोकांपुढे मांडायला त्यांचा विरोध आहे.

पत्रलेखक लिहितात, ‘ज्यांच्या बागा गेल्या त्यांच्या दारात पावतीपुस्तक घेऊन उभे राहायला माझे पाय धजत नाहीत. कुस्तीगीर खाशाबा जाधवांसाठी प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. मीही पत्नीचे दागिने बँकेत तारण ठेवून निदान निम्मी रक्कम भरावी असे मनात आहे. तिला अजून सांगितलेले नाही. मी काय करावे?’

उत्तर :

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करते, कारण बाकीचे निर्णय आठ दिवस थांबू शकतात, हा थांबू शकत नाही. दागिने पत्नीचे आहेत. ज्या निर्णयात तिची मालमत्ता जाणार, तो तुम्ही सार्वजनिक सल्ला सदराला कळवता आणि तिला कळवत नाही, हे तुमच्या पत्रातले मला सर्वांत खटकलेले वाक्य आहे. आधी तिच्याशी बोला. तिने आपणहून होकार दिला तरीही मी तुम्हाला हे करू नका असेच सांगेन, आणि त्याचे कारण तुम्ही दिलेल्या उदाहरणातच आहे.

खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता. १९५२ साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हा पैसा उभा राहीना. खाशाबांनी गावोगाव, ओळखीच्या-बिनओळखीच्या लोकांपुढे हात पसरला, लोकांनी ऐपतीप्रमाणे दिले आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७ हजार रुपये दिले. ही गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण खजिनदाराने ती जरा निराळ्या नजरेने वाचावी. रक्कम ठरलेली होती, काम एकच होते, ते कधी संपणार याची तारीख ठाऊक होती, आणि घर ज्याने गहाण टाकले ते त्याचे स्वतःचे होते. कांस्यपदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या ठेवल्या, स्वतः लढले, आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवायला हातभार लावला. म्हणजे ते देणे फेडण्याचा मार्ग खेळातूनच निघाला. तुमच्या मंडळाचे देणे असे नाही. दर महिन्याला २० हजारांची गळती चालू आहे आणि ती कशी थांबणार हे ठरलेले नाही. त्यात दागिने घातले तर ते देणे फिटणार नाही, फक्त सहा-आठ महिने पुढे ढकलले जाईल, आणि तोवर कार्यकारिणीतल्या इतरांना विचार करण्याची गरजही वाटणार नाही.

आता लाजेविषयी. संकटात असलेल्या माणसांकडे मागणे म्हणजे त्यांच्यावर ओझे टाकणे, असे तुम्ही गृहीत धरले आहे. ही भावना चांगल्या मनाची खूण आहे, पण ती पूर्ण खरी आहे का, हे तपासून पाहा. ज्या बागायतदाराने पंधरा वर्षे मंडळाला दिले, त्याच्या दारावरून या वर्षी तुम्ही मान खाली घालून निघून गेलात, तर त्याला सुटका वाटेल की ‘आता आपण मोजदादीतून गेलो’ असे वाटेल? मागणे आणि ओझे टाकणे यांत फरक आहे, आणि तो रकमेपेक्षा मागण्याच्या रीतीत असतो.

माझ्या लहानपणी सांगलीत आमच्या गल्लीच्या टोकाला एक तालीम होती. तिच्या दाराशी, चपला काढायच्या जागेच्या वर, हातभर रुंदीचा एक काळा फळा टांगलेला असे. त्यावर वस्ताद रोज खडूने लिहीत : तेल अमुक, लिंबे अमुक, जमा अमुक, शिल्लक अमुक. आखाड्याच्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालून ती मळावी लागते. हळद बाजारातला एक अडत्या देत असे, आणि फळ्यावर त्याच्या नावापुढे रुपयांचा आकडा नसे, ‘हळद एक पोते’ एवढेच असे. माझे वडील मार्केट यार्डात मुनीम होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते तालमीत दोन रुपये देत आणि फळा वाचल्याशिवाय परत येत नसत. घरी येऊन आईला सांगत, ‘या महिन्यात तेल फार गेलंय, पोरं वाढलेली दिसतात.’ कुस्तीतले त्यांना काही कळत नव्हते. तरी तालीम कशी चालली आहे, हे त्यांना तिथल्या पहिलवानांइतकेच माहीत असे. आज विचार करते तेव्हा वाटते, वस्तादांना मागताना लाज वाटत नव्हती ती त्या फळ्यामुळे.

म्हणून तुमच्या पत्रात मला खरा अडसर दिसतो तो द्राक्षांच्या दरात नाही. चाहत्यांकडे पैसे मागायला तुमची कार्यकारिणी तयार आहे, पण पैशांचे काय झाले हे सांगायला तयार नाही. तुमचे पाय धजत नाहीत त्याचे अर्धे कारण समोरच्याची बाग आहे, आणि उरलेले अर्धे तुमच्या हातातल्या वहीत आहे. बागेचे तुम्ही काही करू शकत नाही. वहीचे मात्र करू शकता.

ती वही आपण उघडून पाहू. ४ लाख ६० हजारांपैकी मंडप, दिवे, गॅलरी आणि बक्षिसे मिळून २ लाख १५ हजार होतात, म्हणजे जवळजवळ निम्मे देणे एका स्पर्धेचे आहे. ही ६८ मुलामुलींच्या सरावाची तूट नाही. ती तीन-चार रात्रींच्या जल्लोषाची तूट आहे आणि ‘मंडळ वाचवा’ या हाकेत ती सरावाच्या खर्चाबरोबर एकाच पोत्यात भरली गेली आहे. तुम्ही म्हणाल, स्पर्धा होते म्हणून व्यापारी जाहिरात देतात आणि त्यावरच वर्ष निघते. पूर्वी तसे असेलही. मागच्या वर्षी मात्र स्पर्धेने मंडळाला काही दिले नाही, उलट घेतले. बागा गेल्या आहेत हे दिसत असताना गॅलरी तेवढीच ठेवायची आणि बक्षिसाचा आकडा शेजारच्या गावापेक्षा मोठा ठेवायचा हा निर्णय कोणी घेतला, हा प्रश्न लोक विचारणारच. तुम्ही तो आधी स्वतःला विचारून ठेवलेला बरा.

हा प्रश्न चाहते कुठेही विचारतात. इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबने आदल्या हंगामात ४ कोटी २० लाख पाउंडांचा करपूर्व नफा जाहीर केला होता. तरी कोरोनाच्या टाळेबंदीत, ४ एप्रिल २०२० रोजी, त्याने मैदानाबाहेरच्या कर्मचाऱ्यांचे पगार सरकारी योजनेतून भागवण्याचे ठरवले. क्लबच्या स्वतःच्या चाहत्यांनीच संताप व्यक्त केला आणि दोन दिवसांत क्लबला माफी मागून निर्णय फिरवावा लागला. तुमचे मंडळ आणि लिव्हरपूल यांची तुलना हास्यास्पद आहे हे मला कळते. पण चाहत्याचा हिशेब दोन्हीकडे सारखाच असतो : तुम्ही स्वतः काय सोडले, हे तो आधी पाहतो. तेव्हा मदत मागण्याआधी कार्यकारिणीने ठराव करावा की, पुढची स्पर्धा एक तर होणार नाही, किंवा दिवसाउजेडी, गॅलरीशिवाय, पंचक्रोशीतल्या संघांपुरती होईल. एकदा स्पर्धा बंद पडली की पुन्हा उभी राहत नाही, ही भीती मी ऐकून आहे. तिच्यात तथ्य आहे, म्हणून दुसरा पर्याय मला अधिक बरा वाटतो.

ज्यांचे देणे आहे त्यांचाही क्रम लावा. पहिले प्रशिक्षक. पाच महिने बिनपगारी शिकवणारा माणूस हाच आज तुमचा सर्वांत मोठा देणगीदार आहे आणि त्याचे नाव कोणत्याही फ्लेक्सवर नाही. त्यानंतर बक्षिसे, कारण बक्षीस हा दिलेला शब्द असतो आणि ती रक्कम न मिळालेले संघही तुमच्यासारख्याच मंडळांचे आहेत. त्यांना आजच तारीख घालून पत्र द्या. मंडपवाले आणि मॅटचे विक्रेते यांना हप्ते बांधून मागा. मंदीत व्यापाऱ्याला बुडीत रकमेपेक्षा छोटा पण नेमाने येणारा हप्ता परवडतो, हे तुमच्या भागातल्या औषध दुकानदारांना विचारून पाहा.

हे झाल्यावर चाहत्यांकडे काय मागायचे ते स्पष्ट होते : महिन्याचे २० हजार, एक वर्षभर. जुन्या देण्यासाठी निराळी मोहीम, निराळी पावती. दोन्ही एकत्र करू नका. मुलांच्या सरावासाठी दिलेले शंभर रुपये मागच्या वर्षीच्या गॅलरीत गेले असे कळले, तर तो माणूस पुन्हा दार उघडणार नाही.

प्रत्येक घरातून १ हजार ही कल्पना वरवर समान दिसते, पण ती न्याय्य नाही. ज्याची बाग गेली, जो दुसऱ्याच्या बागेत मजुरीला जातो, आणि ज्याचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, या तिघांना एकाच मापाने मोजणे म्हणजे कर बसवणे होय, आणि तो अधिकार मंडळाला नाही. त्याऐवजी महिन्याला शंभर रुपये देणारी दोनशे माणसे शोधा. शंभरांचे दोनशे म्हणजे बरोबर २० हजार. ही दोनशे माणसे गावातच असली पाहिजेत असे नाही. चाहता म्हणजे मैदानाच्या कडेला उभा राहणारा, हे तुमचे आणखी एक गृहीतक. तुमच्या मैदानावर खेळून गेलेली माणसे आज पुणे, मुंबई, इचलकरंजी येथे आहेत. कोणी पोलिसात आहे, कोणी रेल्वेत आहे. गेल्या वीस वर्षांच्या संघांचे जुने फोटो काढा, एकेकाचा नंबर मिळवा आणि ग्रुपवर सामाईक आवाहन टाकण्याऐवजी प्रत्येकाला फोन करा. ग्रुपवरचा संदेश ‘कोणीतरी देईलच’ म्हणून वाचला जातो. जुन्या कप्तानाचा फोन मात्र कोणी टाळत नाही.

लहान रकमेला हसू नका. जर्मनीतल्या लोकोमोटिव्ह लाइपझिग या खालच्या श्रेणीत खेळणाऱ्या फुटबॉल क्लबचे सामने टाळेबंदीत बंद झाले, उत्पन्न थांबले. त्याने मे २०२० मध्ये एका ‘अदृश्य प्रतिस्पर्ध्या’विरुद्ध काल्पनिक सामना जाहीर केला आणि तिकीट ठेवले फक्त १ युरो. १ लाख ८० हजारांहून अधिक तिकिटे खपली. लोकांनी सामन्यासाठी पैसे दिले नाहीत हे उघड आहे. पण क्लबने कटोरा पुढे केला नाही, गंमत वाटेल असे काहीतरी हातात दिले, आणि कोणालाही जड जाणार नाही एवढीच किंमत लावली. तुमच्याकडे तर खरा सामना होऊ शकतो. १९९५ च्या आसपासचा संघ विरुद्ध आजचा संघ, रविवारी दुपारी, प्रवेश वीस रुपये. पन्नाशीतले गडी दम लागून मध्यरेषेवरच बसतील, आणि ते पाहायला गाव लोटेल. कुस्तीच्या फडाला तिकीट काढून जाणारा आपला भाग आहे. कबड्डीला पैसे पडत नाहीत ही सवय आहे, नियम नाही. एक पथ्य मात्र पाळा : गर्दी वाढावी म्हणून सोडतीची कुपने विकू नका. लॉटरीचा कायदा कडक आहे आणि खजिनदार म्हणून अडकाल ते तुम्ही.

ज्यांना शंभरही जड आहेत, त्यांच्याकडून पैसे नकोत. पण त्यांना वगळूही नका. बर्लिनच्या युनियन या फुटबॉल क्लबकडे २००८ साली स्टेडियमच्या नूतनीकरणाला पुरेसा पैसा नव्हता, तेव्हा दोन हजारांहून अधिक चाहत्यांनी मिळून सुमारे १ लाख ४० हजार तास स्वतः राबून ते उभे केले. आपल्याकडे याला श्रमदान म्हणतात आणि ते आपल्याला नवे नाही. २०१९ चा महापूर ओसरल्यावर कृष्णाकाठच्या शाळांमधला गाळ कोणी काढला, हे तुम्ही पाहिले आहे. तुमच्या मैदानाची कडा सरळ करणे, पत्र्याची शेड दुरुस्त करणे, सामन्याला जाणाऱ्या पोरांना आपल्या गाडीतून सोडणे, आठवड्याला दोन डझन अंडी किंवा चार लिटर दूध देणे, ही सगळी मदतच आहे. तिची किंमत रुपयांत न मांडता वहीत नोंद करा. वस्तादांच्या फळ्यावर हळदीचे पोते होते तसे.

वेळही पाहा. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर बागायतदाराच्या घरातून पैसा फक्त बाहेर जात असतो, औषध, मजुरी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) यांवर. त्या काळात त्याच्या दारात जाऊ नका. द्राक्षांचा पैसा आला तर तो फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो. उसाचे बिल आणि दिवाळीआधीचा दुधाचा फरक यांची वेळ तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे.

फ्लेक्स आणि ग्रुप यांविषयी मी थोडक्यात आणि ठामपणे लिहिते. न देणाऱ्यांची नावे जाहीर करणे ही वर्गणी नव्हे, ती वसुली आहे. ज्या घरात बँकेची नोटीस आलेली आहे त्या घराचे नाव अशा यादीत आले तर पुढे काय होऊ शकते, याचा विचार द्राक्षपट्ट्यात राहणाऱ्या माणसाने तरी करावा. देणाऱ्यांचीही यादी रकमेसह लावू नका. शंभर रुपये देणाऱ्याची मान दहा हजारांखाली दबते. नावे लावायचीच तर बाराखडीच्या क्रमाने, रकमेविना लावा.

ठेवींची कल्पना मात्र पूर्णपणे सोडून द्या. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असेल, आणि तुमच्या पत्रावरून तसे दिसते, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना न्यासासाठी कर्ज काढता येत नाही. व्याजाचे आमिष दाखवून लोकांकडून ठेवी घेणे तर २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याच्या कक्षेत ओढले जाऊ शकते. कायदा बाजूला ठेवला तरी, बुडालेल्या पतसंस्थांमध्ये ज्यांच्या आयुष्याची पुंजी अडकली अशी माणसे आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. त्यांच्यापुढे पुन्हा ‘ठेव’ हा शब्द घेऊन जाऊ नका. देणगी मागा आणि ती परत मिळणार नाही हे स्वच्छ सांगा. लोक देणगी बुडाली म्हणून रागावत नाहीत, ठेव बुडाली की तीन पिढ्या विसरत नाहीत.

पुढाऱ्यांच्या देकाराबाबत तुम्ही पत्रात फार लिहिलेले नाही, पण तो नाकारायला तुम्ही कचरत आहात असे मला वाटले. तो सरसकट नाकारावा असे मी म्हणणार नाही. ४ लाख ६० हजार एका धनादेशात फिटणे हे ६८ मुलांच्या दृष्टीने वाईट नाही. प्रश्न असा की, त्यानंतर दोनशे माणसांना महिन्याचे शंभर रुपये द्यावेसे वाटतील का. ज्या मंडळावर एकाचे नाव लागले, त्याच्या अडचणीही त्या एकाच्याच होतात, आणि निवडणूक उलटली की ते नाव आणि मंडळ दोन्ही उघड्यावर पडतात. स्पेनमधल्या एइबार या साधारण २७ हजार वस्तीच्या गावच्या फुटबॉल क्लबवर २०१४ मध्ये अशीच वेळ आली होती. कर्ज नसतानाही, नियमाप्रमाणे भांडवल वाढवायला सुमारे १७ लाख युरो हवे होते. त्यांनी ५० युरोंपासून भाग (शेअर) विकले, डझनावारी देशांतल्या लोकांनी ते घेतले, आणि कोणा एकाच्या हाती क्लब जाऊ नये म्हणून भाग घेण्यावर वरची मर्यादा घातली. तुम्हीही मर्यादा ठरवू शकता : कोणाही एकाकडून वर्षाला, समजा, २५ हजारांपेक्षा जास्त नाही आणि नावाच्या बदल्यात काहीच नाही. पुढाऱ्यांना तेवढे द्यायला अवश्य सांगा. त्यांनी दिले तर त्यांचा मोठेपणा, नाही दिले तर देकार कशासाठी होता ते कळेल.

मुलींचा वर्ग बंद करून काय वाचणार, हे मला पत्रातून उमगले नाही. प्रशिक्षक तेच, मैदान तेच, दिवे तेच. २६ मुली घरी बसतील आणि खर्च तसाच राहील. मुलाचा खेळ दोन महिने थांबला तर तो पुन्हा येतो, मुलीचा थांबला की तिच्या हातात दुसरी कामे येतात. स्मृती मानधना ज्या सांगलीत लहानाची मोठी झाली, तिथे हे मला समजावून सांगावे लागते याचे नवल वाटते. हा प्रस्ताव मतालाही टाकू नका.

राहिले तात्या, म्हणजे तुमचे चुलते. (तुम्ही त्यांना पत्रात तीन वेळा ‘तात्या’ आणि एकदाच ‘अध्यक्ष’ म्हटले आहे, यावरून अडचण कुठे आहे ते कळते.) ‘घरातलं चव्हाट्यावर कशाला’ असे ते म्हणतात. त्यांच्या वडीलकीचा मान राखून एवढेच सांगा की, हे घरातले नाहीच. न्यासाचे हिशेब दर वर्षी तपासून घेणे आणि तो अहवाल धर्मादाय कार्यालयाला सादर करणे कायद्यानेच बंधनकारक आहे. जे सरकारी कार्यालयात जाते ते गावाने पाहिले तर बिघडते काय? त्यांचा विरोध लबाडीतून आहे असे मी गृहीत धरत नाही. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षे पदरमोड करून मंडळ चालवले, त्यांच्या वहीत कच्च्या चिठ्ठ्या असतात, पावत्या हरवलेल्या असतात, आणि जाहीर हिशेब म्हणजे आपल्या प्रामाणिकपणावर शंका असे त्यांना वाटते. म्हणून मागच्या पंचवीस वर्षांचा हिशेब मागू नका. मागच्या स्पर्धेचा आणि या एक तारखेपासून पुढचा, एवढाच मांडा. तात्यांना तो स्वतः वाचून दाखवू द्या. तरीही त्यांनी नकार दिला, तर खजिनदार म्हणून तुम्ही निधी गोळा करायला लेखी नकार द्या. पुतण्याने हे करणे अवघड आहे. पण पावतीवर सही तुमची असणार आहे, तात्यांची नाही.

काही किरकोळ वाटणाऱ्या, पण इतर मंडळांनाही उपयोगी पडतील अशा गोष्टी. क्यूआर कोड मंडळाच्या बँक खात्याचाच हवा. तुमच्या किंवा तात्यांच्या फोनवरचा नको, मग सोय कितीही असो. पुण्या-मुंबईचे देणगीदार ८०जी ची (देणगीवर प्राप्तिकरात वजावट मिळवून देणारी) पावती मागतील, तेव्हा मंडळाकडे ती मान्यता आहे का ते सनदी लेखापालांकडून आधी तपासा, आणि नसेल तर तसा शब्द देऊ नका. ती असली तरी २ हजारांवरच्या रोख देणगीला आणि नवी करप्रणाली निवडलेल्याला ही वजावट मिळत नाही, हे त्यांना आधीच सांगा. मंडळाची न्यास म्हणून नोंदणीच नसेल, तर वर्गणीआधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या, गणेशोत्सव मंडळे घेतात तशी. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या क्रीडांगण आणि व्यायामशाळा विकास अनुदानासाठी अर्ज जरूर करा, पण ते अनुदान प्रामुख्याने बांधकाम आणि साहित्यासाठी असते, प्रशिक्षकाचे मानधन त्यातून निघेल असे धरून चालू नका. मोठ्या कंपन्यांना सामाजिक दायित्वाचा निधी ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणावर खर्च करता येतो, मात्र त्यासाठी कागदपत्रे चोख लागतात आणि वेळ लागतो. हा पुढच्या वर्षीचा मार्ग आहे, या महिन्याचा नाही.

जे महिन्याला नेमाने देतील त्यांना वर्षाच्या शेवटी सभासद करून घेता येईल का, हे मंडळाच्या घटनेत पाहा. येत असेल तर तशी खुली घोषणा करा. त्याने तुमची कार्यकारिणी थोडी अस्वस्थ होईल. होऊ द्या.

आणि सभा समाजमंदिरात घेऊ नका, मैदानावरच घ्या, सहाच्या सुमारास. हिशेबाचा कागद मोठ्या अक्षरात करून शेडच्या खांबाला लावा. त्या दिवशी सराव बंद ठेवू नका. तात्या आकडे वाचत असतील तेव्हा पलीकडच्या बाजूला, चिकटपट्टीने जोडलेल्या त्याच मॅटवर, मुलींच्या चढाया चालू राहू द्यात.